पेन ड्राइव्हमध्ये फोल्डरऐवजी शॉर्टकट दिसतात, फॉरमॅट केलं तरी पुन्हा तेच

सबमिशनच्या आठवड्यात पेन ड्राइव्ह मुठीत घट्ट धरून लॅबच्या दाराशी घुटमळणारी मुलं मला लांबूनच ओळखू येतात. तक्रार ठरलेली. काल रात्रीपर्यंत सगळं नीट होतं, सकाळी झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला गेलो, आणि आता ड्राइव्ह उघडला की प्रत्येक फोल्डरच्या जागी शॉर्टकट, कोपऱ्यात तो छोटा बाण. नाहीतर आत काहीच नाही, ड्राइव्हच्याच नावाचा एकुलता एक शॉर्टकट. मित्राने सांगितलं म्हणून एकदा फॉरमॅट मारला, चार दिवस बरं चाललं, मग परत पहिले पाढे.

या तक्रारीत दोन प्रश्न आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. फाइली परत कशा मिळवायच्या, हा पहिला. तो दहा मिनिटांत सुटतो. पुन्हा पुन्हा का होतं, हा दुसरा. त्याचं उत्तर पेन ड्राइव्हमध्ये शोधून सापडत नाही, कारण दुखणं कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये मुक्काम ठोकून बसलेलं असतं. ड्राइव्ह नुसता डासाचं काम करतो.

आधी धीर धरा. शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका आणि घाबरून फॉरमॅटही मारू नका. ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. १६ जीबीच्या ड्राइव्हमध्ये ५-६ जीबी वापरात दिसते आणि समोरचे शॉर्टकट तर एक-दोन केबीचे. मग बाकीची जागा कोणी खाल्ली? तुमच्याच फाइलींनी. त्या तिथेच आहेत, फक्त लपवलेल्या आहेत.

होतं असं. लागण झालेल्या कॉम्प्युटरवर एक बारीकशी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची छोटी फाइल, मागच्या मागे चालू असते. नवा ड्राइव्ह लागला की ती स्वतःची एक प्रत त्यात टाकते, तुमच्या फोल्डरांवर ‘हिडन’ आणि ‘सिस्टीम’ असे दोन शिक्के मारते आणि त्याच नावाचे शॉर्टकट मांडून ठेवते. शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की आधी स्क्रिप्ट चालते आणि मग तुमचं खरं फोल्डरही उघडून मिळतं. लबाडी इथेच आहे. फोल्डर उघडलं, काम झालं, माणसाला शंका येत नाही. तोवर त्या कॉम्प्युटरलाही लागण झालेली असते.

पूर्वी एवढीही गरज नव्हती. ड्राइव्ह लावला की त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालायचा, त्यालाच ऑटोरन म्हणतात. २००८ साली आलेला कॉन्फिकर व्हायरस इतर वाटांबरोबर याही वाटेने पसरला. विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हचं ऑटोरन बंद झालं, जुन्या विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये अपडेट दिला. दार बंद झालं म्हटल्यावर व्हायरस लिहिणाऱ्यांनी तुमच्याच बोटाकडून ते उघडून घ्यायला सुरुवात केली. शॉर्टकटचा हा सगळा खटाटोप त्यासाठी.

फाइली बाहेर काढायच्या कशा

जमलं तर हे काम लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीवर करा. आमच्या लॅबच्या कोपऱ्यात एक जुना संगणक आहे, त्यावर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून ठेवलंय, आणि गेली काही वर्षं त्याचा मुख्य धंदा हाच. विंडोजचा शॉर्टकट तिथे चालत नाही, आणि ‘हिडन’चा शिक्काही तिथे कोणी मानत नाही. ड्राइव्ह लावला की सगळी फोल्डरं समोर. मुलांना हे जादूसारखं वाटतं. एका एमएच्या मुलीने तर रडता रडता हसायलाच सुरुवात केली होती. मोबाइलला ओटीजी (पेन ड्राइव्ह जोडायची छोटी पिन) लावून बघितलं तरी बहुतेक वेळा फाइली दिसतात.

विंडोजच हाताशी असेल तर काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, जावं लागेल. फोनवर सांगते तसंच इथे सांगते. ‘माय कॉम्प्युटर’मध्ये ड्राइव्हचं अक्षर बघा. समजा ते जी आहे. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून एंटर. खिडकी उघडली की जी, लगेच कोलन, एंटर. आता ओळीच्या सुरुवातीला जी दिसलं पाहिजे. दिसत नसेल, सी दिसत असेल, तर थांबा. पुढची आज्ञा सी ड्राइव्हवर चालवली तर विंडोजच्या स्वतःच्या फाइलींवरचे शिक्के निघतील आणि नवीन डोकेदुखी होईल. जी दिसतंय? मग लिहा: ए टी टी आर आय बी, जागा, वजा एस, जागा, वजा एच, जागा, वजा आर, जागा, स्टार डॉट स्टार, जागा, स्लॅश एस, जागा, स्लॅश डी, एंटर. स्लॅश म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटनावरची तिरकी रेघ, बॅकस्पेसजवळची नव्हे. फोनवर निम्मा वेळ या स्लॅशपायी जातो.

वजा म्हणजे शिक्का काढा. एस सिस्टीमचा, एच हिडनचा, आर रीड-ओन्लीचा. शेवटचे दोन स्लॅश सांगतात की आतल्या फोल्डरांमध्येही जा आणि फोल्डरांचेही शिक्के काढा. ड्राइव्ह भरलेला असेल तर वेळ लागतो, मध्येच खिडकी बंद करू नका. ‘सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाच्या फोल्डरला हात लावता येत नाही असा संदेश आला तर सोडून द्या, ते विंडोजचं स्वतःचं असतं.

काही जण सांगतात की आम्ही लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू केला, फिकट फोल्डर दिसलंही, पण प्रॉपर्टीजमध्ये ‘हिडन’ची टिकच काढता येत नाही, तो चौकोन करडा आहे. करडा असणारच. सिस्टीमचा शिक्का असला की विंडोज तो चौकोन कुलूपबंद करतं. म्हणूनच वरची आज्ञा लागते.

ड्राइव्हमध्ये एकच शॉर्टकट दिसत असेल, तर आज्ञा चालवल्यावर एक बिननावाचं फोल्डर वर येतं. नाव कोरं दिसतं कारण नावाच्या जागी न दिसणारं अक्षर असतं. त्या फोल्डरात तुमचा सगळा संसार गोळा करून ठेवलेला सापडेल.

आता फाइली कॉपी करा, पण आंधळेपणाने ‘सिलेक्ट ऑल’ नको. आधी व्ह्यूमध्ये जाऊन फाइल एक्स्टेन्शन, म्हणजे नावामागची प्रकार सांगणारी शेपटी, दिसण्याचा पर्याय चालू करा. विंडोज मूळात ते लपवून ठेवतं, आणि या एका सवयीपायी किती घरं बुडाली असतील कोण जाणे. डॉक्स, पीडीएफ, पीपीटीएक्स, जेपीजी अशा तुम्ही स्वतः बनवलेल्या फाइली तेवढ्या उचला. व्हीबीएस, जेएस, बॅट, ईएक्सई, एलएनके शेपटीचं काहीही घेऊ नका, त्या स्क्रिप्ट, प्रोग्रॅम किंवा शॉर्टकट असतात. फोल्डरचं चित्र आहे पण टाइपच्या रकान्यात ‘अ‍ॅप्लिकेशन’ लिहिलंय, असलं फोल्डर म्हणजे वेषांतर केलेला चोर. कॉपी केलेल्या दोन-चार फाइली उघडून बघा, आणि मग करा ड्राइव्ह फॉरमॅट. फॉरमॅट चुकीचं नसतंच, लोक ते आधी करतात एवढंच.

फॉरमॅट करूनही परत का येतं

इथे आमच्याच एका विभागाची गोष्ट. तिथल्या भाऊसाहेबांचा पेन ड्राइव्ह मी एका महिन्यात तीनदा साफ करून दिला. चौथ्यांदा ते आले तेव्हा मला माझाच राग आला. दर वेळी मी डास मारत होते आणि डबकं तसंच होतं.

मग आमिष लावलं. एक ४ जीबीचा रिकामा ड्राइव्ह फॉरमॅट केला, त्यात ‘एक’ नावाचं फोल्डर आणि त्यात एक साधी नोटपॅडची फाइल ठेवली. विभागातल्या पहिल्या संगणकाला लावला, दोन-तीन मिनिटं थांबले, काढला, कोपऱ्यातल्या उबुंटूवर नेऊन बघितला. फोल्डर होतं तसंच. मग दुसरा संगणक, परत उबुंटू. असं करत पाचव्यावर पोचले आणि ‘एक’च्या शेजारी ‘एक’चा शॉर्टकट आणि एक अगम्य नावाची व्हीबीएस फाइल येऊन बसली होती. सापडला. पण लगेच थांबू नका, सगळे तपासा. आमच्याकडे आठात दोन निघाले, आणि शिवाय एका प्राध्यापकांचा स्वतःचा लॅपटॉप. तो ते रोज घरी नेत असल्यामुळे कोणाच्या हिशेबातच नव्हता. आमिष एकदा बिघडलं की पुढच्या संगणकाला लावण्याआधी पुन्हा फॉरमॅट करायचं, नाहीतर तुम्हीच प्रसाद वाटत फिराल.

दोषी संगणक सापडला की त्यावर पहिली गोष्ट बघायची ती डिफेंडरची, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसची. विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंगमध्ये खाली ‘एक्स्क्लूजन्स’ आहे. म्हणजे डिफेंडरने कुठे बघू नये त्याची यादी. ही यादी बहुतेक संगणकांवर रिकामी असायला हवी. त्या विभागातल्या एका संगणकावर त्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह होता. पहारेकरी जागा, पगार चालू, फक्त त्याला सांगून ठेवलेलं की घराकडे पाठ करून उभा राहा. ही करामत कधी व्हायरस करतो, पण पुष्कळदा आपणच केलेली असते. चोरीचं ऑफिस किंवा विंडोज ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करून देणारं जे काही मिळतं, त्याची पहिली सूचनाच असते की अँटिव्हायरस बंद करा. सॉफ्टवेअर फुकट मिळालं असं वाटतं, किंमत अशी चुकती होते. तुमच्या विद्यापीठाच्या ईमेलवर ऑफिसची वेब आवृत्ती मिळते का ते विचारा, नाहीतर लिबरऑफिस आहेच.

यादी रिकामी करा, डिफेंडर अपडेट करा, आणि मग स्कॅन ऑप्शन्समधून ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. संगणक बंद होऊन चालू होतो आणि विंडोज उठायच्या आत तपासणी होते. साधारण १५ मिनिटं. साध्या स्कॅनच्या वेळी व्हायरस जागा असतो, यात तो झोपेत सापडतो. हातातलं काम आधी सेव्ह करा, विचारल्याशिवाय रीस्टार्ट झालं म्हणून मागाहून तक्रार नको.

स्कॅननंतर परत आमिष लावून बघा. तरीही बिघडलं तर स्क्रिप्ट कुठूनतरी परत उठतेय. मायक्रोसॉफ्टचंच ‘ऑटोरन्स’ नावाचं मोफत साधन आहे, ते संगणक सुरू होताना आपोआप उठणाऱ्या सगळ्यांची हजेरी मांडतं: स्टार्टअप, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगांच्या वहीतल्या) रनच्या नोंदी, टास्क शेड्यूलर. ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’च्या (विंडोजमधल्या स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मागे ‘अ‍ॅपडेटा’ किंवा ‘टेम्प’मधल्या फाइलीचा पत्ता दिसला की समजायचं. एवढं करूनही तासाभरात हाती काही लागलं नाही तर मी वाद घालत बसत नाही, कागदपत्रं काढून घेते आणि विंडोज नव्याने टाकते.

लॅबवाल्यांसाठी एक खास खोच. तुमच्याकडे डीप फ्रीझसारखं काही असेल, रीस्टार्ट केलं की संगणक मूळ स्थितीला येणारं, तर तुम्हाला वाटेल आपण सुरक्षित आहोत. पण फ्रीझ करतानाच लागण झालेली असेल तर तुम्ही रोज सकाळी व्हायरसही ताजा करून देताय. कितीही साफ करा, रीस्टार्टनंतर तो हजर. आधी वितळवा, मग साफ करा, मग गोठवा.

लॅबमध्ये आम्ही ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे विंडोजच्या नियमावलीच्या सेटिंगमधून, पेन ड्राइव्हवरचे प्रोग्रॅम चालवायला बंदी घातली आहे. फाइली उघडतात, कॉपी होतात, ईएक्सई मात्र चालत नाही. नुसत्या तेवढ्याने भागत नाही, कारण स्क्रिप्ट चालवणारा डब्ल्यूस्क्रिप्ट सी ड्राइव्हवर बसलेला असतो आणि ड्राइव्हवरची व्हीबीएस तो नुसती ‘वाचतो’. म्हणून विंडोज स्क्रिप्ट होस्टही (डब्ल्यूस्क्रिप्ट ज्याचा भाग आहे तो) रजिस्ट्रीतून बंद ठेवलाय. कार्यालयात असं करण्याआधी विचारून घ्या, कधीकधी जुनं पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर त्यावरच चालत असतं. सरकारी वाटेनेही काही साधनं आहेत. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राची सुरुवात २०१७ साली झाली, त्याच वेळी सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचं ‘यूएसबी प्रतिरोध’ही पुढे आलं. ते पेन ड्राइव्हच्या वापरावर नियंत्रण ठेवतं.

आणि हे सगळं एकाच दिवशी करायचं. डेंग्यूच्या हंगामात नगरपालिका ‘कोरडा दिवस’ पाळायला का सांगते? शेजाऱ्याचं पिंप भरलेलं असेल तर तुमचं रिकामं करून उपयोग नाही. आम्ही शनिवारी दुपारी सगळे संगणक, घरून आणलेले लॅपटॉप आणि टेबलाच्या खणांतले यच्चयावत पेन ड्राइव्ह एका टेबलावर ओतले. एकोणीस निघाले. त्यातल्या चारांचा मालक आजतागायत कळलेला नाही.

दुकानाचं काय करायचं

दुकानाचा संगणक आपल्या हातात नाही. तिथे दिवसाला शंभर ड्राइव्ह लागतात, त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. आपण ड्राइव्ह नेणं बंद करायचं.

तर मुलं म्हणतात, पण फाँट? हा प्रश्न खरा आहे. मराठीचा प्रबंध श्री-लिपीत किंवा असल्याच जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल तर दुसऱ्या संगणकावर वर्डची फाइल उघडली की सगळी अक्षरं कचरा होतात. म्हणून मग फाँटसकट फोल्डर पेन ड्राइव्हमध्ये घालून दुकानात न्यायचं आणि तिथेच बसून दुरुस्त्या करायच्या. याला औषध पीडीएफ. घरी, जिथे फाँट आहे तिथेच, पीडीएफ करा. फाँट आत बांधला जातो, कुठेही उघडा, तसंच दिसतं. दुरुस्ती निघाली तर परत घरी. कंटाळवाणं आहे, पण प्रबंध वाचतो. आणि आता तरी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर तसंच दिसणाऱ्या लिपीत, लिहा हो.

पीडीएफ दुकानाच्या ईमेलवर आपल्या मोबाइलवरून पाठवा. दुकानाच्या संगणकावर स्वतःचं जीमेल उघडू नका. उघडलं असेलच तर फोनवर गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये ‘युवर डिव्हाइसेस’मधून तिथलं साइन-आउट करा. व्हॉट्सअ‍ॅप वेबसाठी क्यूआर स्कॅन केला असेल तर ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ बघा. दुकान सोडलं तरी तुमचं व्हॉट्सअ‍ॅप तिथे उघडं राहतं. आमच्या एका विद्यार्थ्याच्या यादीत मागच्या वर्षीच्या प्रवेशाच्या वेळचा संगणक अजून जोडलेला होता.

प्रवेशाच्या दिवसांत दुकानातल्या डाउनलोड्स फोल्डरकडे एकदा नजर टाका. आधार, आधार १, आधार २, जातीचा दाखला, बँक पासबुक, ओळीने अनोळखी माणसांची कागदपत्रं. इन्कॉग्निटोमध्ये उघडलं तरी डाउनलोड केलेली फाइल मागेच राहते. म्हणून प्रिंट झाली की स्वतः शिफ्ट-डिलीट करा, दुकानदार सहसा नाही म्हणत नाही. आणि जिथे चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ई-आधारला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, हा पासवर्ड तुमच्या मार्कशीटवरूनही काढता येतो.

ड्राइव्ह न्यावाच लागला तर दोन ठेवा. एक बाहेरचा, ज्यात त्या दिवसाची फाइल सोडून काही नाही, आणि एक घरचा, जो दुसऱ्याच्या संगणकाला कधी लागत नाही. बाहेरची चप्पल आपण देवघरात नेत नाही, तसं. बाहेरच्यावर रंगीत चिकटपट्टी लावा.

कर्मचाऱ्यांनो, अंतर्गत गुणांची एक्सेल ड्राइव्हवरून नेता तेव्हा शॉर्टकटपेक्षा ड्राइव्ह हरवण्याची भीती मोठी आहे. फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक, एन्क्रिप्ट विथ पासवर्ड. ‘प्रोटेक्ट शीट’ नव्हे. शीटच्या पासवर्डने फक्त आकडे बदलता येत नाहीत, वाचता मात्र कोणालाही येतात.

भाऊसाहेबांचा ड्राइव्ह त्या शनिवारनंतर एकदाच परत आला. आमिष घेऊन सगळे संगणक पुन्हा पालथे घातले, आठही स्वच्छ. शेवटी त्यांनाच विचारलं, हा कुठे कुठे लावता? कॅन्टीनच्या टीव्हीला, म्हणाले, भजनं लावायला. टीव्ही निर्दोष निघाला. पण भजनं भरून घ्यायला ते ज्या मोबाइलच्या दुकानात जात होते, तिथल्या संगणकाला आमिष लावायला मी अजून गेलेले नाही. सध्या भजनं ब्लूटूथवर लागतात.